नानांची रजा

आमच्या घरी दिवाळी कधी यायची ते पंचांगावर नव्हतं, नानांच्या रजेवर होतं. नाना मिलिटरीत हवालदार. त्यांना रजा मिळायची ती कधी माघात, कधी ऐन वैशाखात, आणि एकदा तर होळीच्या तोंडावर मिळाली होती. आश्विनात गावभर पणत्या लागायच्या तेव्हा आई तुळशीपाशी एकच दिवा ठेवायची आणि मला नि धाकट्या दिनूला सांगायची, "आपली यायची हाय अजून." मग नाना आले की दुसऱ्या दिवसापासून चुलीवर तेलाची कढई चढायची. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, सगळं साग्रसंगीत. वैशाखातल्या पहाटेसुद्धा आम्हाला उटणं लावून कढत पाण्यानं आंघोळ घातली जायची, आणि आम्ही न्हाणीतून बाहेर पडायच्या आत घामानं पुन्हा भिजायचो. गावातल्या पोरांना हे फार आवडायचं, कारण त्यांना वर्षाला दोन दिवाळ्या मिळायच्या. शेजारच्या हौसाकाकू मात्र कुडावरनं मान वर काढून विचारायच्या, "काय गं, शिमग्यात कंदील लावलायस?" आई करंजीला मुरड घालता घालता म्हणायची, "आमची दिवाळी मिलटरीची हाय काकू. हुकूम येतो तवा येती."

साताऱ्याच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या पाण्यावर ऊस पिकवणारं आमचं गाव. घरटी एक तरी माणूस फौजेत, त्यामुळे रजेवर आलेला बाप ही काही नवलाई नव्हती. पण आमच्या आईसारखी रजा मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिली नाही. तिचं माहेर आटपाडीकडचं, कोरड्या मुलखातलं. तिथं पाहुण्याला तांब्याभर पाणी देताना घरच्यांचं प्यायचं पाणी कमी व्हायचं, आणि तरी ते हसून द्यायचं असतं, हे ती लहानपणीच शिकलेली. पाहुणचार तिच्या अंगात होता. नाना आले की तो सगळा त्यांच्यावर रिता व्हायचा. सांगलीच्या पेठेत नाव घालून आणलेलं स्टीलचं एक ताट होतं, त्याच्या काठावर नानांचं नाव आणि पुढं 'हवालदार' असं टोचून कोरलेलं. एरवी ते वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळून उपडं असायचं. ते खाली उतरलं म्हणजे नाना आले. त्या ताटात दुसऱ्या कुणी जेवायचं नाही, नानांना शिळं वाढायचं नाही, त्यांना कामाला हात लावू द्यायचा नाही आणि त्यांना कुणी कशावरून रागवायचं नाही, असे चार कायदे तिनं कधी न सांगता आम्हा सगळ्यांना पाठ करून घेतले होते.

त्या दिवसांचे आवाज मला अजून ऐकू येतात. काळी ट्रंक सोप्यातल्या फरशीवरून ओढल्याचा खरखराट. पहाटे पितळी मगात दाढीचा ब्रश घोळवल्याचा मऊ आवाज. नानांचा ट्रान्झिस्टर, ज्याच्यावर बातम्या लागल्या की आमचे चुलते तात्यासुद्धा बैल सोडायचे थांबत. आणि जायचे दिवस जवळ आले की कढईत भाजल्या जाणाऱ्या शेंगदाण्यांचा तडतडाट, कारण नानांबरोबर शेंगदाण्याचे लाडू जायचे. शेंगदाणे भाजायला लागले की मी घराबाहेर पळायचे. तो खमंग वास आजही मला सोसत नाही. सुनेला वाटतं मला शेंगदाणा बाधतो, आणि मीही तसंच सांगून सोडून देते.

तर असे नाना एका माघात कायमचे घरी आले. पेन्शनीवर. एसटी स्टँडवर गावानं हार घातले, तात्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली, आणि आईनं अर्थातच दिवाळी केली. हुरड्याचे दिवस होते, त्यामुळे करंज्यांबरोबर हुरडाही झाला, मटणाचा रस्सा झाला, मेढ्याकडचे नानांच्या पलटणीतले जुने सोबती सखारामकाका भेटून गेले, त्यांनाही डबा भरून चकल्या गेल्या. मी नववीत होते. मला एवढंच कळत होतं की आता शेंगदाणे भाजायचे नाहीत. माझे वडील आता रोज घरी असणार, मी शाळेतून आल्यावर ते सोप्यात दिसणार, ह्या एका गोष्टीनं मी इतकी सुखात होते की वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले होते.

पण झालं असं की दिवाळी संपेचना. आठवडे गेले तरी नानांचं ताट खाली उतरलेलंच, आणि त्यात रोज गोडधोड. नाना लवकर उठून दाढी करून, बूट चकाकवून तयार व्हायचे आणि मग सोप्यातल्या खुर्चीत बसायचे. कुठं जायचंच नसायचं. बादली उचलायला गेले की आई म्हणायची, "आवं ठिवा ती, तुमी बसा." शेताकडं निघाले की तात्या म्हणायचे, "दादा, जलमभर लय केलंसा. आता आराम करा." एकदा त्यांनी सगळ्यांची अंथरुणं फौजेतल्यासारखी चौकोनी घड्या घालून रचली, तर आमच्या काकी, तात्यांची बायको, इतक्या ओशाळल्या की दुसऱ्या दिवसापासून त्या नानांच्या आधी उठून अंथरुणं काढायला लागल्या. तेवढंही काम गेलं. जडान्न खाऊन नानांच्या छातीत जळजळायला लागलं. त्यांनी दबक्या आवाजात पिठलं मागितलं. आईनं पिठलं केलं, पण नुसतं पिठलं कसं वाढायचं म्हणून शेजारी पुरणाची पोळी ठेवली.

मग एक दिवस जेवताना नाना सहज बोलल्यासारखं बोलले. सखारामकाका पुण्याला एका कारखान्यात राखणदारांचे मुकादम होते, तिथं त्यांच्या हाताखाली जागा होती, राहायला खोली होती. शिमगा झाला की ते न्यायला येणार होते. "बघून येतो जरा," नाना म्हणाले.  घरात कुणाला धक्का बसल्याचं दिसलं नाही. तात्या नुसतं म्हणाले, "मग पोत्यातल्या शेंगा काढाय पायजेत," आणि आई उठून ताक आणायला गेली. रजा संपत आली की आमच्या घरात जे व्हायचं तेच सगळं मुकाट सुरू झालं. मला मात्र रडू आवरेना. मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला मनसोक्त रडून घेतलं.

त्याच आठवड्यात साठेसरांचा तो तास झाला. साठेसर वाईचे. आमच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायचे आणि आमच्या बोलण्याला कधीही हसायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'हॉलिडे' आणि 'लीव्ह', आणि विचारलं, ह्यांत फरक काय? मागच्या बाकावरचा एक गडी उठून म्हणाला, "सर, हालिडे म्हंजी शाळेला सुट्टी. लीव्ह म्हंजी मिलटरीवाल्याला सुट्टी." वर्ग हसला. सर म्हणाले, "हसू नका, अर्धं बरोबर आहे त्याचं. हॉलिडे कुणाकडे मागावी लागते का? ती सगळ्यांची असते, आपोआप येते. रजा मात्र मागावी लागते आणि कुणीतरी ती द्यावी लागते. कुणाला मागावी लागते? ज्याच्यावाचून कुठेतरी अडतं त्याला. ज्याचं कुठे काही अडत नाही त्याला कोण कशाला रजा देईल?" मग त्यांनी दोन्ही शब्दांवर घरून वाक्यं करून आणायला सांगितलं.

मी पुढं सांगलीच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. हे दोन शब्द दरवर्षी शिकवले, आणि साठेसरांहून चांगलं मला कधी सांगता आलं नाही. हल्ली तर फरक सांगायचीच सोय राहिली नाही. माझा नातू पुण्याहून येतो, "आजी, लीव्ह टाकलीय," म्हणतो आणि दिवसभर मांडीवर लॅपटॉप घेऊन कुणाला तरी 'हो सर, करतो सर' म्हणत बसतो. ह्याला रजा म्हणावं की सुट्टी, हे मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "आजी, तू जेवायला वाढ."

त्या संध्याकाळी मी सोप्याच्या पायरीवर वाक्यं करायला बसले. 'माय फादर इज ऑन लीव्ह' हे वाक्य मला पाचवीपासून पाठ होतं, तेच हातातून उतरलं, आणि मग मी थांबले. नाना आता रजेवर कुठं होते? पण सुट्टीवर आहेत असंही वाटेना. नाना खालच्या पायरीवर बूट घासत होते. दिवस कलायला आला होता, आत आई चुलीपाशी शेंगदाणे भाजत होती, उलथन्याचा खर्र खर्र आवाज येत होता. मी सरळ विचारलं, "नाना, तुमी आता लीव्हवर हाय का हालिडेवर?"

"का गं?" ते म्हणाले. मी त्यांना सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला. त्यांनी बूट बाजूला ठेवला.

"सरानं बराबर सांगितलंय बघ," ते म्हणाले. "पल्टणीत माझ्यावाचून अडायचं. कुठली वस्तू कुठं हाय ते कुणाला ठावं नसायचं. सायेब म्हणायचा, हवालदार को पूछो. हितं बघ. जनावरास्नी तात्या हाय, पाण्याला तात्या हाय, दुकानाला दिनू पळतोय. माझ्यावाचून काय अडतंय? म्हंजी पल्टण सुटली तरी घरात माझी अजून लीव्हच चाललीया." जरा हसून ते खालच्या आवाजात पुढं म्हणाले, "तुजी आई लय करती गं माझं. पर एक सांगू? ती दिनूला रागं भरती, तुला भरती, तात्याला बी सोडत न्हाई. मला कवा रागं भरली न्हाई. एकदा बी न्हाई. पाव्हण्याला कोण रागं भरतंय व्हय."

आतला उलथन्याचा आवाज बंद झाला होता. मला ते उशिरा कळलं, शेंगदाणे करपल्याचा वास आला तेव्हा. माझ्या उभ्या आयुष्यात आईच्या हातून करपलेले तेवढेच शेंगदाणे. ती काही बाहेर आली नाही. काकींनी येऊन कढई उतरवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. नाना दाढी करून खुर्चीत बसले आणि आई बाहेर आली. हातात शिरा नव्हता, ताटही नव्हतं. रात्रीची शिळी भाकरी, तिच्यावर लसणीची चटणी, दह्याचा गोळा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. तिनं ती भाकरी नानांच्या हातावर ठेवली. "तात्या आज सासरवाडीला निघाल्यात काकीस्नी घिऊन," ती म्हणाली. तात्या तिथंच दातून करत उभे होते. आपण सासरवाडीला निघालो आहोत हे त्यांनाही तेव्हाच कळलं. ते तोंड उघडणार तेवढ्यात काकींनी त्यांना कोपरानं ढोसलं. आई नानांकडंच बघत होती. "पाण्याची पाळी आज आपली हाय. खोडव्याच्या उसाला पाणी द्यायचंय. खावा आन् खोरं घिऊन चला, ऊन व्हायच्या आत."

नानांनी भाकरी उभ्या उभ्या खाल्ली. बूट काढून पायरीवर ठेवले, विजार गुडघ्यावर दुमडली आणि खोरं खांद्यावर टाकून आईच्या मागोमाग निघाले. मी आणि दिनू त्यांच्या मागं.

उसाला पाणी पाजताना दारं धरावं लागतं, म्हणजे एक सरी भरली की खोऱ्यानं मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या सरीत घ्यायचं आणि मागचं तोंड लगोलग लिंपायचं. बघायला सोपं दिसतं. नानांनी हे काम पोरवयात सोडलेलं. शिवाय त्यांना फौजेची शिस्त. एकेक सरी कोण भरत बसणार, म्हणून त्यांनी ओळीनं बऱ्याच सऱ्यांची तोंडं आधीच उघडून ठेवली, अगदी रेषेत, कवायतीला उभी केल्यासारखी. आई वरच्या अंगाला तण काढत होती. पाणी आलं ते सगळ्या सऱ्यांत एकदम घुसलं, कुठल्याच सरीला पुरेना, आणि खालचा बांध फोडून हौसाकाकूंच्या घाट्याला आलेल्या हरभऱ्यात शिरलं. नाना खोरं घेऊन इकडून तिकडं धावत होते. एक तोंड बुजवावं तर दुसरं वाहून जात होतं.

आईनं बघितलं, आणि तिचा आवाज चढला. असा आवाज तिनं नानांच्या बाबतीत कधी वापरलाच नव्हता. "आवं, डोळं कुठं ठिवल्यात तुमी? एवढी माणसं सांभाळली म्हणता पल्टणीत, आन् एक दारं धरता येईना व्हय? समदं पाणी काकूच्या हरबऱ्यात! आदी वरचं तोंड धरा की! आवं वरचं, वरचं!" आजूबाजूच्या शेतातली माणसं कमरा सरळ करून बघायला लागली. मी आणि दिनू तर दगडासारखे उभे. आता काय होणार, नाना खोरं टाकून निघून जाणार, असं मला वाटलं. नाना गुडघाभर चिखलात उभे होते, चेहऱ्यावर मातीचे शिंतोडे. त्यांनी आईकडं बघितलं. मग त्यांच्या मिशीखालून आधी हसू फुटलं आणि नंतर ते मोठमोठ्यानं हसत सुटले. "चुकलं गं," ते म्हणाले, "चुकलं," आणि वरच्या तोंडाकडं पळाले. आई पदरानं तोंड पुसायला लागली. हसत होती का रडत होती ते मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढं कधी विचारलंही नाही. एवढ्यात हौसाकाकू आल्या आणि त्यांनीही नानांना जे काही ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. नाना त्यांच्यासमोरही मान खाली घालून हसत उभे राहिले.

त्यानंतर आईला रागवायची गोडी लागली म्हणायला हरकत नाही. चिखलाचे पाय घेऊन आत आले म्हणून, वैरण ओली टाकली म्हणून, बाजारातनं किडकी वांगी आणली म्हणून. सासरवाडीहून परतलेले तात्या मला हळूच म्हणाले, "आता माझ्या वाटणीचं निम्मं दादालाच जातंय बघ." नानांची जळजळ थांबली. बुटांवर धूळ बसली. पण ट्रंक पलंगाखाली भरलेली तशीच होती, पुण्याचं नाव कुणी काढत नव्हतं, आणि शिमगा जवळ येत होता. मी शाळेतून आले की आधी वाकून ट्रंक जागेवर आहे ना ते बघायचे.

शिमगा झाला आणि सखारामकाका सांगितल्याप्रमाणे आले. नव्या टोपीत, पुण्याहून पेढे घेऊन. नाना शेतात होते. ते दुपारी जेवायला आले तेव्हा काका सोप्यातल्या त्याच खुर्चीत बसलेले होते. "काय रं गड्या, हे काय सोंग?" नानांच्या चिखलाकडं बघून ते म्हणाले. "चल, आंघोळ कर. चारची गाडी हाय." नाना नुसते हसले आणि हातपाय धुवायला गेले. मी दाराशी उभी होते. तिथनं वाकून मी पुन्हा ट्रंक जागेवर आहे ना ते बघितलं.

आत पानं मांडली होती. आई फळीवरनं ते ताट काढून फडक्यानं पुसत होती. नाव कोरलेलं ते ताट तिनं सखारामकाकांपुढं ठेवलं, पोळी वाढली, वर तूप सोडलं. नानांपुढं रोजची काळवंडलेली पितळी ठेवली आणि तिच्यात भाकरी टाकली. काकांनी ताटाच्या काठावरची अक्षरं वाचली. "वैनी, चुकलं काय तुमचं? ह्ये तर हवालदाराचं ताट हाय."

"न्हाई चुकलं," आई म्हणाली. "पाव्हण्याचं ताट हाय ते."

काकांनी एकदा तिच्याकडं, एकदा नानांच्या पितळीकडं बघितलं. मग जरा चाचरत म्हणाले, "मग गड्या, येतूस न्हवं?"

नाना भाकरी मोडत होते. मान वर न करता, पलटणीत बोलत असतील तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "माझं काय न्हाई. घरनं रजा मिळाली तर येतो."

आई चुलीकडं तोंड करून बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "न्हाई मिळायची," ती म्हणाली. "खोडव्याला परवा पाणी हाय."

नानांनी ताकाचा वाडगा तोंडाला लावला आणि सगळा रिकामा करून मगच खाली ठेवला. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी आश्विनात, गावाबरोबर झाली.